वच्छलाबाईंचा लोकरी कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या तुम्हाला माझे नाव ऐकूनच घाम फुटेल. वयाने मी फार मोठा नाही. पण कपाटात पडून राहिले की कोणीही लवकर म्हातारे होते.

सीताबर्डीच्या एका गल्लीत ताराचंद टेलरने मला शिवले. जांभळट रंग, मऊ अस्तर, दोन खोल खिसे. कन्हानच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले रुपराव बायकोच्या कोटाचे कापड निवडायला स्वतः आले होते. त्यांचा मुलगा प्रशिक प्रागला नोकरीला होता आणि त्याने दोघांना तिकडे बोलावले होते. मला अंगात घालून वच्छलाबाई लाजून म्हणाल्या, "मी तं अस्वलच दिसून राहिली."

"दिस ना. थंडी तं नाही लागणार," रुपराव म्हणाले.

प्रागमधला एक दिवस मी विसरू शकत नाही. सकाळी जुन्या चौकात आम्ही त्या प्रसिद्ध घड्याळाखाली उभे राहिलो. तास झाला, घड्याळावरच्या छोट्या सांगाड्याने घंटेची दोरी ओढली आणि वरच्या खिडक्यांतून संतांचे पुतळे सरकत गेले. वच्छलाबाई लहान मुलीसारख्या हसल्या. मग काळवंडलेल्या मूर्तींच्या रांगांमधून, दगडी पुलावरून आम्ही नदी ओलांडली. दुपारी तळघरातल्या एका खाणावळीत प्रशिकने बटाट्याचे सूप आणि उकडलेल्या पावाच्या चकत्या मागवल्या. बाईंनी माझ्या खिशातून पुडीतली जवसाची चटणी काढून तिघांच्या ताटांत वाढली. प्रशिकचे डोळे भरून आले. तिखट लागले, असे तो म्हणाला.

जेवणानंतर किल्ल्याची चढण लागली. प्रशिक तिकिटे काढायला पुढे गेला. निम्म्या पायऱ्यांवर वच्छलाबाईंचा हात माझ्या वरच्या बटणापाशी आला आणि तिथेच दाबून राहिला. आत काळीज कसे धडधडत होते, ते फक्त माझ्या अस्तराला कळत होते.

रुपराव थांबले. "थकली का वं? इथूनच परत जाऊ."

"नाही जी. लेकानं सुट्टी काढली आपल्यासाठी. तुम्ही चाला समोर."

"दुखून राहिलं का काही?"

"काही नाही."

किल्ला पाहून झाला. आम्ही नागपूरला परतलो. महिनाही उलटला नसेल, वच्छलाबाईंना रामदासपेठेतल्या दवाखान्यात न्यावे लागले. हृदयाचे दुखणे जुने होते, डॉक्टर म्हणाले. आधी दाखवायला हवे होते. त्या घरी परतल्या नाहीत.

प्रशिक आला. सगळे विधी झाल्यावर रुपरावांनी त्याला पायऱ्यांवरचे सांगितले, तेव्हा तो बापाला म्हणाला, "बाबा, पायऱ्यांवर तुम्ही आईसोबत होते. मले हाक काहून नाही मारली?"

"मी विचारलं होतं तिले," रुपराव म्हणाले.

"अन् तिनं नाही म्हटलं, तं तुम्ही ऐकून घेतलं."

प्रशिक परत गेला. आता त्याचा फोन येतो, पण बोलणे जेवणाच्या चौकशीपलीकडे जात नाही. रुपराव कधी कपाट उघडतात, माझ्याकडे पाहतात आणि हात न लावता दार लोटून देतात. माझ्या कॉलरला कसर लागली आहे. डांबराच्या गोळ्या केव्हाच विरून गेल्या.

त्या दिवशी किल्ल्यावर, बापलेक जरा दूर असताना, वच्छलाबाई कठड्याला टेकल्या होत्या. खाली लाल कौलांचे शहर पसरले होते. धाप आवरत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पाहिलं बा, लेकाचं गाव पाहिलं." ते ऐकणारा मी एकटाच. त्या बापलेकांना हे सांगता आले असते, तर दोघांच्याही मनावरचे ओझे थोडे हलके झाले असते. पण कोटाला बोलता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला येते. घरातल्या, दुखणे हसून लपवणाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा, त्याचा हात हातात घ्या. आणि गेलेल्या माणसाची वस्त्रे अशी अंधारात कुजवू नका. डिसेंबरात रस्त्यावर कुडकुडणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या अंगावर मला घाला. अजून माझ्यात ऊब आहे.