कड्याकडे वळलेला बाण

मी लेण्यांच्या वाटेवरचा दगड बोलतोय. देव नाही हो मी, दगडच! घसा कोरडा होईस्तोवर सांगतोय, पण ऐकतो कोण?

जुन्नरच्या पश्चिमेला आमच्या डोंगरात वाटेला दोन फाटे फुटतात. डावीकडचा लेण्यांकडे जातो, उजवीकडचा थेट कड्यावर. १९९४ साली पुण्याचा सुदर्शन नावाचा कॉलेजातला पोरगा इथे चुकला. परतताना त्याने माझ्यावर शेंदरी ऑइलपेंटने डावीकडचा बाण काढला. नऊ वर्षं मी इमानेइतबारे वाट दाखवली. शाळेच्या सहली माझ्या भरवशावर लेणी बघून आल्या. काय रुबाब होता माझा!

२००३च्या पावसाळ्यात दरड सरकली आणि मी गडगडत ओढ्यात गेलो. तिथे गवत कापायला आलेल्या साळुबाईला मी दिसलो. "अगं बया, दगडात देवाचा बाण उमटलाय!" म्हातारीने मला डोक्यावरून वर आणलं, फाट्यावर उभं केलं, हळदकुंकू वाहिलं. पण उभं केलं ते खालचं वर करून. बाणाचं तोंड गेलं कड्याकडे.

तिचा मुलगा रामदास नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात कामाला असतो. सुट्टीला आला तेव्हा त्याने मला लगेच ओळखलं.

"आये, ह्यो पुण्याच्या पोरांचा रंग हाय. मानसं कड्याकडं जातील. फिरवू दे."

"देवाच्या बाणाला वाट इचारत्यात व्हय? हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

रामदास तसाच डोंगर उतरून गेला. आईपुढे त्याचं काही चालत नाही.

गेल्या दिवाळीत एक पाहुणा माझा बाण बघून गेला आणि कड्यावरून घसरला. झाडात अडकला म्हणून वाचला. मोडका पाय घेऊन झोळीतून खाली गेला. मला वाटलं, आता तरी म्हातारीचे डोळे उघडतील. कसलं काय! "देवानं जीव राखला," म्हणत तिने माझ्यापुढे नारळ फोडला. लाज वाटली मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज धुकं दाट आहे. आत्ताच स्नेहल आणि आरती, दोघी बहिणी, इथे थांबल्या होत्या.

"ताई, बाण उजवीकडे आहे."

"चल मग."

गेल्या. अजून त्यांचं हसणं ऐकू येतंय. आणि ही साळुबाई धापा टाकत आली, माझ्यापुढे टेकली. "देवा, डोंगरात आलेल्या लेकरांना सांभाळ रं."

अगं माये, मी काय सांभाळणार! हात कसले जोडतेस? ऊठ, त्यांना हाक मार! ओरड, बाई, ओरड!