सतरा महिन्यांचं राज्य

आमच्या कंपनीत संगणकावर खेळायचे लढायांचे खेळ बनतात. त्या खेळांतले राजे खरे होते की नाही हे तपासायला मला ठेवलं होतं. पदाचं नाव भारदस्त होतं, इतिहास सल्लागार. काम मात्र एवढंच की मुख्य रचनाकाराने आधीच ठरवून टाकलेल्या गोष्टींना मान डोलवायची. ह्या रचनाकाराला आम्ही सगळे सेनापती म्हणायचो. जन्मात कुणावर हात उगारला नसेल, पण बैठकीत टेबलावरचे कप सरकवत "इथून घोडदळ घुसतं!" असं ओरडायचा तेव्हा शेजारच्या खोलीतले लोक डोकावून जायचे.

नव्या खेळात अठरा राजे झाले होते. एकोणिसावा लोकांच्या मतांनी निवडू, ही टूम सेनापतीचीच. त्याला वाटलं होतं, लोक एखादा जगज्जेता निवडतील. निवडून आला तो सतरा महिने राज्य केलेला एक राजा, ज्याचं नाव ऑफिसात कुणीही ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी आपलं "हो हो, तो ना," म्हणून वेळ मारून नेली.

उलगडा नंतर झाला. त्या राजाचा खापरपणतू दंतवैद्य होता. रोग्याला खुर्चीत आडवा केला, तोंडात आरसा घातला, की हा मोबाइल पुढे धरून "आमच्या पूर्वजांना एक मत द्या" म्हणायचा. दाढ कोरायला आ वासलेला माणूस नाही कसं म्हणणार? दोन हजारांवर मतं पडली.

सेनापतीने कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, आपल्या खेळात एक खेळी म्हणजे दहा वर्षं. ह्याचं अख्खं राज्य एका खेळीच्या सातव्या हिश्शात आटोपतं! लोक पाणी प्यायला उठले तर परत येईपर्यंत संपलेलं."

पण मतांचा निकाल जाहीर झाला होता, आता माघार नव्हती. प्रत्येक राजाला बावीस शहरांची नावं लागतात, एक खास फौज लागते, एक भव्य इमारत लागते आणि युद्ध पुकारताना म्हणायचं एक वाक्य लागतं. हे सगळं गोळा करायला मला दफ्तरखान्यात पाठवलं.

तिथे चार दिवस धूळ खाल्ल्यावर चौतीस कागद हाती लागले. हा राजा मुळात नदीच्या घाटावरचा जकातदार. सम्राट मेला, त्याचे दोन मुलगे एकमेकांच्या उरावर बसले, तेव्हा ह्याने जकातनाक्याच्या छपरावर फडकं लावलं आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. एक गाव, दोन वस्त्या, एक घाट. खास फौज म्हणजे अकरा पहारेकरी, त्यातला एक बहिरा. भव्य इमारत म्हणजे तोच जकातनाका.

पण शेवटचा कागद वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसले. सम्राटाच्या थोरल्या मुलाचं सैन्य गावावर चालून आलं, त्या सकाळचा तो हुकूम होता. "दोन्ही वेशी उघड्या ठेवाव्या. रस्त्यातले अडसर काढावे. येणाऱ्या घोड्यांसाठी पाणी भरून ठेवावं. कुणीही हत्यार उचलू नये." त्याखाली दुसऱ्या हाताने नोंद होती की सैन्य आलं, पाणी प्यालं, दुपारी पुढे गेलं, कुणी मेलं नाही.

मला भरूनच आलं. अठरा राजांची कापाकापी तपासून माझे डोळे आंबले होते. इथे एक असा निघाला होता, ज्याने मुकुट बाजूला ठेवून गाव वाचवलं. खालची सही आधीच्या हुकमांवरच्या सहीसारखी नव्हती, हे मी पाहिलं होतं. हात थरथरला असेल, असं मी ठरवून टाकलं.

बैठकीला दंतवैद्य आला तो नवा कोट घालून. सोबत त्याची थोरली बहीण, सत्तरीची ताई. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. दंतवैद्याने शहरांची यादीच आणली होती. गिचमिड अक्षर त्याचंच होतं. नावंही त्याचीच असावीत अशी मला शंका आली, ताईंना मात्र खात्रीच.

"नववं हे तुझ्या बायकोचं माहेरचं आडनाव," ताई म्हणाल्या. "आणि चौदावं? हा आपला मेलेला कुत्रा ना रे?"

"ताई, तू जरा गप्प बस," दंतवैद्य म्हणाला. "पूर्वजांच्या साम्राज्यात बावीस शहरं होती. पुरावे जळाले."

सेनापतीने यादी दोन्ही हातांनी घेतली. बावीस म्हणजे बावीस. त्याला आणखी काय हवं होतं?

मी माझा कागद वाचून दाखवला. ह्या राजाचा खास गुण म्हणजे शरणागती, असं मी सुचवलं. लढाई न करता वेशी उघडायच्या आणि माणसं वाचवायची.

"मॅडम," सेनापती म्हणाला, "शरण गेलं की खेळ संपतो. हरण्याचं कौशल्य मी कुठल्या खणात बसवू?"

दंतवैद्य तर लालबुंद झाला. "आमचे पूर्वज शरण गेले? हा घराण्याचा अपमान आहे!"

"अपमान कसला," ताई म्हणाल्या. "तो त्या दिवशी होताच कुठे?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ताईंनी पर्सची चेन लावली.

"आमच्या आजीने सांगितलेलं आहे. सैन्य यायच्या तीन दिवस आधीच त्याने गाशा गुंडाळला. खराखुरा गुंडाळला हो, होडीत दोन गाद्या घातल्या, बायको घातली आणि पसार. धाकटी मुलगी मागे विसरला, ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोचवली. आम्ही तिचेच वंशज. तो हुकूम नाक्यावरच्या कारकुनाचा. राजा पळाल्यावर तीन दिवस तोच सगळं बघत होता."

दंतवैद्य काचेच्या ग्लासात बघत बसला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. आणि मी? मी दुसऱ्याच्या नावावर खपवलेला मोठेपणा इतके दिवस उराशी धरून बसले होते, डोळ्यांसमोर सही असताना. दंतवैद्याने कुत्र्याचं शहर केलं, मी पळपुट्याचा महात्मा केला. आमच्यात फरक एवढाच की मला पगार मिळत होता.

तरी मी चिवटपणे म्हणाले, "मग तो कारकून घ्या. खरा राजा तोच."

सेनापती इतका हसला की त्याला ठसका लागला. "सतरा महिन्यांचा बसत नाही म्हणून आपण इथे जमलोय, आणि तुम्ही तीन दिवसांचा आणताय! उद्या अर्ध्या तासाचा आणाल."

खेळ बाजारात आला. एकोणिसावा राजा उधळलेल्या घोड्यावर बसलेला आहे, त्याच्या दंडाचा घेर माझ्या कमरेएवढा आहे, आणि युद्ध पुकारताना तो म्हणतो, "माझ्या वेशी तुमच्या रक्ताने धुवीन!" त्याच्या माहितीत कारकुनाबद्दल मी अर्धं पान लिहिलं होतं. सेनापतीने त्याची एक ओळ केली, मग ती ओळही उडवली, कारण अक्षरं चौकटीबाहेर जात होती. संशोधन म्हणून माझं नाव देऊ नका, असं मी लेखी कळवलं. त्यांनी नाव दिलं, वर ते ठळक केलं. महिन्याभराने मी नोकरी सोडली. निरोपाच्या भाषणात सेनापतीने माझ्या अचूकपणाचं कौतुक केलं.

मग एका शनिवारी ताईंचा फोन आला. "तो कागद मला बघायला मिळेल का हो?"

आम्ही दोघी दफ्तरखान्यात गेलो. तिथल्या माणसाने कुरकुरत गठ्ठा काढून दिला. ताईंनी भिंग काढलं आणि त्या सहीवर वाकल्या. पहिलं अक्षर मला एक वाटत होतं, त्यांना दुसरं. पुढचं कुणालाच लागेना. कागद उजेडाकडे धरला, तिरका धरला, शेवटी त्या माणसालाही हाक मारली. त्याने तिसरंच काहीतरी वाचलं.

अर्ध्या तासाने ताईंनी भिंग पुसून पर्समध्ये ठेवलं.

"नाव काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण आमच्या घराण्यातला नाही, एवढं नक्की. हुकमाचं अक्षर चांगलं आहे."