डावीकडे जाणारे मणी

फाइल ३८. डावीकडे.

फाइल ३९. डावीकडे.

फाइल ४०. ट्रक गेला, कॅमेरा थरथरला. तरी डावीकडे.

अल्का रामटेकेने कीबोर्डवर हात आपटला. कोहमाऱ्याच्या चौकालगतच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि तास संपले की प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पीएचडीच्या मागे लागायची. प्रयोग सांगायला सोपा. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये जस्ताचं द्रावण, पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक तार, वर सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा. वीज सोडली की एका तारेवर जस्त चढतं, बॅटरी चार्ज होताना चढतं तसंच. गुमान सपाट चढलं असतं तर भांडणच नव्हतं. पण त्याला फांद्या फुटतात, आणि एखादी फांदी समोरच्या तारेला टेकली की बॅटरी मेली. फांदी कुठे वळेल हे द्रावण कसं वाहतं त्यावर ठरतं. ते वाहणं दिसत नाही, म्हणून द्रावणात पिठाहून बारीक प्लास्टिकचे मणी सोडायचे आणि ते कुठे जातात ते बघत बसायचं.

ते डावीकडे जायचे. जस्ताच्या कडेकडेने, सगळेच्या सगळे.

तिने हायवेच्या ट्रकांना दोष दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सायकलची ट्यूब घातली. डावीकडे. पंखा बंद करून घामाने निथळली. डावीकडे. तारांची अदलाबदल केली. डावीकडेच, मेले!

तिचे गाइड गोवर्धन सर मात्र हरखले होते. त्यांनी त्याला 'बाजूचा प्रवाह' असं नाव देऊन टाकलं, परिषदेला कळवलं, आणि आचल नावाच्या विद्यार्थिनीला पोस्टर छापायला पिटाळलं. आज पाच वाजेपर्यंत एक स्वच्छ व्हिडिओ हवा होता. मण्यांच्या बाटलीत उरले होते दोन थेंब. म्हणजे दोन फायली.

फाइल ४१.

पहिलं मिनिट: ठीक.

तिसरं मिनिट: डावीकडे, अर्थातच.

चौथं मिनिट: कोपर लागून पाण्याची पिचकारी आडवी झाली आणि

पाणी पळालं. उजवीकडे. मागे वळूनही न बघता कीबोर्डखालून निघून थेट बेसिनकडे.

अल्काने रेकॉर्डिंग थांबवलं. कपाटातून लेव्हलची नळी काढून टेबलावर ठेवली. आतला बुडबुडा डाव्या टोकाला जाऊन बसला. ती गुडघ्यांवर बसली. टेबलाच्या डाव्या दोन्ही पायांखाली कवेलूचे, छपरावरच्या कौलाचे, तुकडे.

जस्त काढून घेतलेलं द्रावण हलकं असतं. हलकं ते चढाकडे सरकतं. आणि चढ डावीकडे होता. हे ती बारावीच्या पोरांनाही समजावून सांगू शकली असती.

"यादोराव!"

तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळणारे यादोराव पोछा घेऊनच आले. "का झालं जी?"

"हे काय आहे?"

"कवेलू."

"कवेलू आहे ते दिसतंय मला! परत टेबलाखाली कायले?"

"पाणी बेसिनकडं जाते ना. सारेच टेबल तसे हायेत. ॲसिड सांडलं तं पोरायच्या मांडीवर नाई येत."

"मी जूनमध्ये लेव्हल लावून टेबल सपाट केलं होतं!"

"हो, पाहिलं ना. मॅडमनं कवेलू काढून फेकलं मनलं. मंग रोज सकाळी पोछा मारला का लावून राहिलो. तुमी काई बोलल्या नाई, मंग मी बी नाई बोललो."

अल्काने वही उघडली. फाइल १ : टेबल सपाट. फाइल २ : टेबल सपाट. एकेचाळीस वेळा स्वतःच्या हाताने, वरच्या ओळीवरून खालच्या ओळीत उतरवलेलं. नळी तेवढी जूननंतर कपाटातून निघाली नव्हती.

फाइल ४२. कवेलू बाहेर. बुडबुडा मधोमध. शेवटचा थेंब.

मणी डावीकडे गेले नाहीत. वरच्या थरातले एका तारेकडे, खालच्या थरातले दुसरीकडे, एकमेकांना ओलांडत. पुस्तकात चाळीस वर्षांपासून छापलंय अगदी तसंच.

तिने सरांना फोन लावला.

"टेबल?" सर म्हणाले. "टेबलाचं कोण विचारतं? चाळीस नंबर सुंदर आहे, तोच पाठव."

"सर, तो कवेलूचा उतार आहे."

"पोस्टर छापून झालंय, अल्का."

तेवढ्यात तिला सुचलं. उतारामुळे प्रवाह होतो, हेही निरीक्षणच की! उतार किती ते माहीत असलं की झालं. तिने फोनवर हात ठेवला. "यादोराव, रोज हेच दोन तुकडे लावायचे ना?"

"नाई जी. फुटते ना ते. हाती येईन तो लावतो."

"रोज वेगळा?"

"कदी एकावर एक दोन लावतो. पाणी अडलं तं."

तिने हात काढला. "सर, चाळीस पाठवत नाही."

"मग पोस्टरचं काय करू मी?"

"लावू नका." पलीकडून उत्तर यायच्या आत तिने फोन ठेवला. हे आपण गाइडला बोललो, हे तिला जरा उशिराच कळलं.

पाचला सात मिनिटं कमी. तिने परिषदेला मेल लिहायला घेतला. *अटेंडंटच्या चुकीमुळे...* खोडलं. *काही तांत्रिक कारणांमुळे...* तेही खोडलं. मग लिहिलं: *फाइल १ ते ४१ बाद समजाव्यात. टेबल तिरपं होतं. जूननंतर मी लेव्हल तपासली नाही, न तपासताच वहीत लिहिलं. फाइल ४२ सोबत जोडली आहे. 'बाजूचा प्रवाह' हा दावा मागे घेत आहे.*

यादोराव खांद्यावरून वाकून बघत होते.

"माहं नाव टाकलं का जी?"

"नाही. काळजी करू नका."

"टाका ना. तीस सालात कोणं नाई टाकलं कशातच."

अल्काने त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. तिने कपाळ कीबोर्डवर टेकवलं. पडद्यावर ओळभर 'ह' उमटले. ते खोडायला तिला अर्धं मिनिट लागलं. मग तिने मेल होता तसाच पाठवला.