मथुराबाईच्या हातात बल्ब का लागला नाही

समाजमंदिराच्या ओट्यावर बत्तीबाबा बसले होते आणि त्यांच्या मुठीत बल्ब जळत होता. वायर नाही, होल्डर नाही. वीज तर गावात दुपारपासूनच नव्हती. सगळं गाव ओट्याभोवती जमलेलं.

"वर थेट कनेक्शन हाय आपलं," बाबा म्हणत होते. "तिकडं लोडशेडिंग नाई, बिल नाई. पुण्य असन त्याच्या हातात लागते. पाप असन तर अंधार."

तांब्यातल्या तीर्थात बोटं बुडवायची आणि बल्बाचं बूड अंगठ्याने दाबून धरायचं. देवीलाल दुकानदाराच्या हातात बल्ब लागला. त्याच्या वजनकाट्याला ओळखणारे हळूच हसले. मग बाबांनी मथुराबाईला बोलावलं. ती कापूस वेचून थेट शेतातून आली होती, कापसाने भरलेली ओटी अजून कमरेला होती.

तिने बोटं बुडवली, बल्ब धरला. लागला नाही. पुन्हा धरला. नाही.

"पाह्य खेमसिंग," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तुह्या डोळ्यावर कोणं करणी केली ते."

महिन्यापूर्वी कपाशीवर फवारणी करताना खेमसिंग चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून त्याला धूसर दिसे. मथुराबाईचं शेत त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. बाबा दोन दिवस गावात जेवत होते, त्यांना एवढं कळायला पुरेसं होतं.

"मी काहून करीन बापू?" मथुराबाई म्हणाली. "तू पडला तवा पाणी मीच पाजलं ना तुले."

"त्याच पाण्यात असन," मागून कोणी तरी म्हणालं.

"आज रातच्या आत हिले गावाबाहेर काढा," बाबा म्हणाले. माणसं तिच्याभोवती सरकू लागली.

मला बल्बाची ही युक्ती पहिल्या मिनिटापासून माहीत होती. हे लिहिताना आजही लाज वाटते. गावचं छोटं वाचनालय मी सांभाळतो. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझंच चुकत असेल असं वाटतं. पंधरा दिवसांपूर्वी वाचनालयासाठी बल्ब घ्यायला आर्णीला निजामुद्दीनच्या दुकानात गेलो होतो.

"काका, साठ वॅटचा पिवळा काढा आता," तो म्हणाला होता. "नऊ वॅटचा एलईडी घ्या, उजेड जवळपास तेवढाच. वॅट म्हणजे बल्ब खाते किती, ल्युमेन म्हणजे देते किती. दोन्ही डब्यावर लिवलं असते, पण वाचते कोण?" मग त्याने दुसरा एक बल्ब उचलला, त्याच्या बुडाचे दोन ठिपके ओल्या अंगठ्याने दाबले आणि तो लागला. "हा बॅटरीवाला. मेनबत्तीच्या जागी ठीक. रोजच्याले नका घेऊ, महाग पडते, अन् आतला सेल दोन-तीन सालात बसते."

तोच बल्ब बाबांच्या हातात होता. आणि मथुराबाईच्या अंगठ्यावर काळी वायरपट्टी होती, विजेच्या वायरला गुंडाळतात ती. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटं फाडतात, म्हणून वेचणीच्या बाया पट्टी गुंडाळतात. बाकीच्या घरून हात धुऊन आल्या होत्या.

कोणी तरी तिची ओटी ओढली. कापूस खाली सांडला.

"थांबा," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. मी ओट्यावर चढलो. बाबांच्या हातातला बल्ब मी घेतला, खरं म्हणजे हिसकावला, आणि वाचनालयाची पितळी किल्ली दोन्ही ठिपक्यांवर आडवी टेकवली.

बल्ब लागला.

"या किल्लीनं कोणतं पुण्य केलं?" मी विचारलं. "आत बॅटरी आहे. ओला अंगठा किंवा लोखंड-पितळ दोन्ही ठिपक्यांना टेकलं की विजेची वाट पुरी होते. रबरी पट्टीतून होत नाही. मथुराबाई, अंगठ्याची पट्टी काढा."

"म्हाताऱ्या, हात जळन तिचा," बाबा म्हणाले.

तिने दातांनी पट्टी सोडली, तीर्थात अंगठा बुडवला आणि बल्ब धरला. तिच्या चिरांनी भरलेल्या हातात तो लागला. तिने तो खेमसिंगच्या तोंडासमोर नेला.

"दिसते का रे आता?"

खेमसिंगने मान खाली घातली. "धूसर दिसते काकी. दवाखान्यात फेर बोलावलं होतं. मी गेलोच नाई."

"मंग उद्या जाय," ती म्हणाली आणि सांडलेला कापूस वेचू लागली. थोड्या वेळाने तोही खाली बसला आणि चाचपडत कापूस गोळा करू लागला. बाबांना धरायला कोणी वळलं, तेव्हा ओटा रिकामा होता.

मी गप्प राहिलो असतो तर त्या रात्री एक बाई बेघर झाली असती, तीही अंगठ्यावरच्या पट्टीपायी. म्हणून एवढंच सांगतो. बल्ब घरी लावण्याआधी डबा वाचा. आणि कोणी तुमच्या हाती चमत्कार दिला, तर माणसाचं पाप शोधण्याआधी त्या वस्तूचं बूड उलटून पाहा.