मावशीचं बोट आणि सतरा दाते

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. रागानं नाही हो, कामानं. मी एक जुनी मोटर आहे, रिमोटवर पळणाऱ्या विजेच्या ट्रकची. ट्रक म्हणजे काखोटीला मारता येईल एवढाच, पण त्याची चारही चाकं अंगापेक्षा मोठी, जाडजूड, रबरी. ती फिरवताना माझा जीव मेटाकुटीला येतो. उड्या मारतो ट्रक, टाळ्या मिळतात ट्रकला. आत कोण भाजून निघतंय, हे विचारायला कोणी येत नाही. असो. माझी कुरकुर थोडी जास्त आहे, ती सोसून घ्या.

माझ्या पोटात तांब्याची तार आहे. वीज आली की तार आणि लोहचुंबक यांची ढकलाढकली सुरू होते आणि मी फिरते. फिरले की तापते. तो माझा दोष नाही, स्वभाव आहे. पण प्रमाणाबाहेर तापले की तारेवरचं वार्निश, म्हणजे तिचा पातळ लेप, जळतं, चुंबकाचा जोर जातो, आणि मग मोटर राहत नाही, नुसता डबा उरतो. हे मी ऐकीव सांगत नाही. मी एकदा जळलेली आहे.

माझ्या पहिल्या घरी मला उंच गवतातून, वाळूतून, बॅटरी संपेपर्यंत पळवायचे. एक संपली की लगेच दुसरी लावायचे. विश्रांती नावालाही नाही. एका दुपारी माझ्यातून धूर निघाला. "गेली वाटतं," एवढंच कोणीतरी म्हणालं. ट्रकसकट मला मोटर वाइंडिंगच्या एका दुकानात टाकलं आणि ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत.

तिथे मला मावशी भेटली. पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या जळलेल्या मोटरींना नवी तार भरून देणाऱ्या या बाईंना सगळा बाजार मावशीच म्हणायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उंच स्टुलावर बसून ती तार ओढायची, गुंडाळायची, पुन्हा ओढायची. तीस वर्षं हेच. तिनं मला उघडलं, माझी काळी पडलेली तार पाहिली आणि म्हणाली, "अगं बाई! काय हाल केलेत गं तुझे मेल्यांनी!" खरं सांगते, मला तेव्हा रडूच आलं असतं, पण मोटरीला पाणी चालत नाही.

तिनं जुनी तार सोलून काढली आणि नवी भरली, एकेक वेढा मोजून. एका मोडक्या रेडिओतली अॅल्युमिनियमची पट्टी कापून, तिला खाचा पाडून माझ्या अंगाभोवती बसवली, म्हणजे माझी ऊब वाऱ्याला देता यावी. वर बोटभर पंखा लावला. मग तो ट्रक तिनं भाचीला दिला. भाची तिच्याकडेच राहायची. तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि तासभर तिच्यासोबत काढला की का म्हणतात ते कळायचं.

मावशीनं दोन नियम घालून दिले. पाच मिनिटं पळवायचं, मग ट्रक मावशीपुढे आणायचा, हा पहिला. दुसरा असा की गरम मोटरीला ठिणगीनं हात लावायचा नाही. "पोळशील. ते माझं काम," मावशी म्हणायची. मग ती तर्जनी माझ्या पाठीवर टेकवायची आणि मोजायची. पाचपर्यंत बोट टिकलं तर आणखी पळायला मोकळीक. त्याआधी उचललं गेलं तर सावलीत पडून राहायचं. "बोट सांगेल ते," असं ती म्हणायची आणि त्यावर घरात कोणी बोलायचं नाही.

मी जरा जास्त तापले असले की दोन म्हणायच्या आत बोट उडायचं. "आई गं!" मग ती फुंकर घालायची. आधी बोटावर, नंतर माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर फुंकर घालत होतं. त्यासाठी मी चिखलातसुद्धा जीव तोडून पळायचे.

अशी दोन वर्षं गेली. मग काहीतरी बिनसलं.

एके दिवशी ठिणगीनं मला मातीच्या चढावरून सातआठ वेळा वर नेलं. मी चांगलीच तापले होते. आता बोट उडणार, अशी मी वाट पाहत होते. "एक, दोन, तीन, चार, पाच. थंड आहे," मावशी म्हणाली. थंड? मला आधी रागच आला. इथे अंगाची लाही लाही होतेय आणि ही म्हणते थंड!

पण पुढच्या खेपेला माझ्या लक्षात आलं की तिचा स्पर्श बदललाय. पूर्वी ती बोट नुसतं टेकवायची. आता दाबायची, दार उघडत नसलं की आपण बेल दाबून धरतो तशी. मग मी तिच्यावर नजर ठेवू लागले. (मोटरीला डोळे कुठले, असं विचारू नका. मी सांगतेय ना, ऐका.) बारीक स्क्रू तिच्या चिमटीतून सुटायचे. "हल्ली स्क्रूच फार गुळगुळीत करतात," ती म्हणायची. सकाळी उठल्यावर ती कितीतरी वेळ हात झटकत बसायची. आणि एकदा तर तारा जोडायला डाग देताना तापलेली सळई तिच्या बोटाला चिकटून होती नि तिला पत्ताच नाही! वास आल्यावर तिनं हात मागे घेतला आणि पटकन मागे वळून पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना.

मी बघितलं होतं. ज्या बोटावर माझा जीव अवलंबून होता, त्या बोटाला काही कळतच नव्हतं. मावशीला हे थोडंफार ठाऊक होतं, ती लपवत होती. का लपवत होती तेही मला कळत होतं. तिचं सगळं आयुष्य त्या दहा बोटांत होतं. पण मी सांगू कोणाला आणि कसं?

एवढ्यात शर्यत आली. गोदामामागच्या मोकळ्या जागेत वाळूचे ढीग रचून रस्ता आखला होता. तीन फेऱ्या होत्या, मध्ये थोडी थोडी विश्रांती, आणि समोर बाजारातले गॅरेजवाले काका. त्यांचा ट्रक पहिल्या दिवसापासून ठिणगीच्या डोळ्यांत सलत होता.

"मावशी, सतरा लावू या ना," आदल्या दिवशी ठिणगीनं हट्ट धरला.

सतरा म्हणजे काय ते सांगते. माझ्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते चौदा दात्यांचं असलं की मला सोसतं. सतरा दात्यांचं लावलं की ट्रक वेगानं पळतो, पण मला ओझं जास्त पडतं आणि मी फार लवकर तापते. एवढ्या मोठ्या चाकांच्या ट्रकला सतरा दाते म्हणजे माझ्या जिवाशी खेळ.

"लाव," मावशी म्हणाली. "जास्त झालं तर बोट सांगेलच की."

मला कोणी विचारलं नाही. कधीच विचारत नाहीत, म्हणा.

पहिली फेरी आम्ही जिंकली. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. सतरा दात्यांवर पळताना वाटतं, आपल्याला अडवणारं जगात कोणी नाही. पण थांबले तेव्हा अंगातून वाफा निघतायत असं वाटत होतं. ठिणगीनं ट्रकचं वरचं आवरण काढलं. मावशीचं बोट आलं. पाच मोजून झाले. "चल, पळव."

दुसऱ्या फेरीत वाळूच्या चढावर माझा जोर ओसरला. चुंबकाची पकड ढिली पडत होती. माझा छोटा पंखा भणभणत होता, पण तो गरम हवाच माझ्या तोंडावर मारत होता. आम्ही जेमतेम दुसरे आलो. थांबल्यावर माझ्या पोटातून वार्निशचा वास सुटला. मित्रांनो, तो मी मुद्दाम सोडला असं म्हणायला मला आवडेल. बोलता येत नाही त्यानं आणखी काय करावं?

ठिणगीनं नाक मुरडलं. "मावशी, वास येतोय गं."

"वाळूत जोर लागला की येतो थोडा." मावशीनं बोट टेकवलं आणि मोजू लागली. "एक, दोन, तीन..."

मी त्या बोटाखाली ओरडत होते. उचल गं बाई, उचल! जळतेय मी, आणि तूही जळतेयस!

"...सहा, सात, आठ. बघ, आठ मोजले. काही होत नाही."

शेजारी गॅरेजवाले काका आपल्या ट्रकचं तापमान मोजत होते. त्यांच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. दुरून नेम धरला की आकडा दाखवायचं. "मावशी, मोजून बघू का?" त्यांनी चांगल्या मनानं विचारलं.

"तुमचं पिस्तूल तुम्हालाच लखलाभ," मावशी फणकारली. "तीस वर्षं मोटरी हाताळतेय मी. माझ्या बोटाला शिकवू नका."

आवरण लागलं. ट्रक शेवटच्या फेरीसाठी रेषेवर आला. आता एक चढ, फक्त एक चढ, आणि माझा कोळसा होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. शर्यत घेणाऱ्या बाईंनी झेंडा वर केला. मावशीनं रिमोट ठिणगीच्या हातात दिला.

आणि रिमोट घेताना ठिणगीला ते बोट दिसलं. तर्जनीचं टोक पांढरं पडलं होतं. कातडी फुगत होती, तिच्या डोळ्यांदेखत.

"मावशी, तुझं बोट!"

मावशीनं हात वर धरून पाहिला, दुसऱ्या कोणाचा हात पाहावा तसा. "हे कधी झालं?"

झेंडा खाली पडला.

मी विजेची वाट पाहिली. आत्ता येईल, आत्ता धक्का बसेल. डावीउजवीकडचे ट्रक वाळू उडवत निघून गेले. गॅरेजवाल्या काकांचा ट्रक पहिल्या वळणाला लागला. तरी वीज आली नाही.

"अगं पळव ना!" मावशी ओरडली. "काय बघतेस माझ्याकडे? पळव!"

ठिणगीनं रिमोट जमिनीवर ठेवला. धावत येऊन आवरण काढलं आणि दोन वर्षांचा नियम मोडून, पहिल्यांदाच, आपलं बोट माझ्या पाठीवर टेकवलं.

"आई गं!"

एकसुद्धा म्हणून झालं नव्हतं. बोट तोंडात घालून ती मावशीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पोळल्याचं नव्हतं. "मावशी, तू आठ मोजलेस गं."

शर्यत संपली, गॅरेजवाले काका जिंकले आणि जिंकलेला ट्रक तिथेच सोडून आमच्याकडे आले. या वेळी न विचारताच त्यांनी माझ्यावर नेम धरला. एवढा वेळ नुसती पडून होते, तरी आकडा आला ब्याण्णव अंश.

"ब्याण्णव," काका हळूच म्हणाले.

मावशी वाळूतच खाली बसली. "मला कोमट लागलं हो," ती म्हणाली. मग ठिणगीला म्हणाली, "मला भीती वाटत होती गं. बोटं गेली तर माझ्यात उरतं काय?"

ठिणगीनं मावशीचा हात धरला आणि त्या पांढऱ्या बोटावर फुंकर घातली. मावशीला ती फुंकर कळली की नाही, कोण जाणे. तिनं हात मात्र काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. वर्षानुवर्षं तार ओढून मनगटातली नस दाबली गेली होती, उजवीकडची जास्त. अंगठ्याचा जोरही उतरायला लागला होता. "आणखी काही महिने अंगावर काढलं असतंत, तर चिमटीत तार धरता आली नसती," डॉक्टर म्हणाले. मनगटाची छोटी शस्त्रक्रिया झाली. अंगठा बचावला. बोटांत थोडी जाण परत आली, थोडी नाही आली. मावशी दुकानात जाते, पण आता दर तासाला तार खाली ठेवते. बसून हात मोकळे करते आणि कोणी घाई केली तर त्याच्यावर वसकन ओरडते. तापटपणा माझ्याकडूनच घेतलाय तिनं.

आणि मी? माझे चुंबक त्या दिवशी जरा म्हातारे झाले. पूर्वीचा वेग आता नाही. चौदा दात्यांवर, आखूड गवतात, पाच मिनिटं पळते आणि पाच मिनिटं सावलीत पडते. शर्यती दुसऱ्यांनी जिंकाव्यात.

मित्रांनो, तुमच्याकडे असा ट्रक असेल तर त्याच्या मोटरीला दम घेऊ द्या, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. मोटर फार तापली तर निदान वास सोडते. माणसं तेवढंही करत नाहीत. ती म्हणतात, काही होत नाही. तुमच्या घरात असं म्हणणारं, सगळ्यांसाठी राबणारं कोणी असेल, तर त्यांच्या शब्दावर जाऊ नका. त्यांचा हात हातात घ्या आणि नीट बघा.

काल संध्याकाळी ठिणगीनं ट्रक आणून मावशीपुढे ठेवला. आता बोट ठिणगीचं असतं आणि मोजते मावशी. "एक," मावशी म्हणाली. "दोन. तीन..."

"आई गं!" बोट उडालं.

मावशीनं वाकून फुंकर घातली. आधी तिच्या बोटावर, मग माझ्यावर.