ताट स्वच्छ कर

मी थाळी बोलतेय. स्टीलची, जाड काठाची, राबणाऱ्या माणसाच्या भुकेच्या मापाची. माझं बोलणं गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ट्रकच्या डेपोतल्या एका मुकादमानं मला स्वतःसाठी विकत घेतलं. थोडे दिवस जेवलाही माझ्यात. मग लेक शाळेत जायला लागली तसं त्यानं मला तिच्यापुढे सरकवलं. "आता मोठ्यांच्या ताटात जेवायचं."

पोरीची हनुवटी जेमतेम टेबलाच्या वर यायची. माझ्यात भाताचा ढीग, त्यावर लोण्याचा गोळा, कडेला तळलेले बटाटे. अर्ध्यावर आली की तिचा हात थांबायचा.

"बाबा, पोट भरलं."

"पोटाला काय विचारतेस? ताट स्वच्छ कर. तोवर उठायचं नाही."

आणि हाताची घडी घालून समोर बसून राहायचा. गार झालेलं लोणी माझ्या तळाशी थिजायचं. पोरगी ते बोटानं निपटायची, डोळे मिटून गिळायची. मग शाबासकी म्हणून साखरेचं दूध. आई मध्ये पडली की तिचाच उद्धार. "तू बोलूच नकोस. आम्ही अन्नाला महाग होतो."

होता, ते खरंच. पण आपल्या जुन्या भुकेची वसुली त्यानं लेकराच्या पोटातून केली. याला लोक माया म्हणायचे. मी म्हणणार नाही. शेजारीण येता-जाता पोरीचा गाल ओढायची. "कशी गुटगुटीत आहे हो, नजर लागेल." नजर कसली लागतेय. लागली ती सवय.

हळूहळू पोट भरलं असं म्हणणं पोरीनं सोडून दिलं. पुढे पुढे ते तिला कळेनासंच झालं.

लग्न झालं तेव्हा आईनं भांड्यांच्या खोक्यात मलाही घातलं. जावई बोटीवर नोकरीला, घरी पाहुण्यासारखा. लेक लाँड्रीत दिवसभर वाफेच्या इस्त्रीशी उभी. दमून यायची, मला शिगोशीग भरायची आणि रिकामी करायची. आता दटावणारं कुणी नव्हतं. गरजच उरली नव्हती.

चाळिशीच्या आतच एक दिवस इस्त्री हातात असताना तिच्या छातीत कळ आली. "गॅस असेल, पाणी पी," लाँड्रीची मालकीण म्हणाली. पाणी प्यायच्या आत ती खाली कोसळली. हृदयाची नस तुंबली होती, स्टेंट घालावा लागला. रक्तातली साखरही कधीपासून वाढलेली होती कोण जाणे. घरी आल्यावर नवऱ्याला फोनवर सांगत होती, ते मी ऐकलं.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोट भरलं हे तुम्हाला कशावरून कळतं? मी म्हटलं, ताट रिकामं झालं की. तर त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, कारणं बरीच असतात, घराण्यातूनही येतं, पण हे वळण लहानपणीचं दिसतंय."

आई केव्हाच वारली होती. म्हणून बाप आला लेकीचं दुखणं काढायला. संध्याकाळी नातीला जेवायला बसवलं, आणि इतक्या भांड्यांतून नेमकं मलाच ओढून काढलं. तसाच ढीग वाढला. नातीनं मला दूर सारलं.

"आजोबा, पुरे."

"ताट स्वच्छ कर. तुझ्या आईलाही मी असंच वाढवलंय." त्यानं तिची हनुवटी धरली आणि घास ओठांवर दाबला.

लेक आतल्या खोलीतून भिंतीला धरून बाहेर आली.

"हात काढा, बाबा."

"पोरीला अन्न टाकायला शिकवतेस?"

"हात काढा म्हटलं ना."

"मी खाऊ घातलं म्हणून आज उभी आहेस."

"उभी आहे ती स्टेंटवर."

तिनं मला उचललं आणि त्याच्या देखत कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं. म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"बापाचा घास उकिरड्यावर टाकलास. तुझ्या घरचं पाणी पिणार नाही आता."

"नका पिऊ."

त्याच पावली तो धाकट्या लेकाकडे निघून गेला. तेव्हापासून बोलणं नाही. तो चारचौघांत लेकीला कृतघ्न म्हणतो. तिच्यापुढे त्याचं नाव काढलं तरी ती उठून जाते. मिटावं असं मलाही वाटत नाही.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत पुदिन्याच्या कुंडीखाली असते. अंगावर क्षाराचे पांढरे डाग पडलेत. नात लहानशा बशीत जेवते, हवे तेवढे घास खाते आणि उरलेलं ठेवून खेळायला पळते. तिला कुणी काही म्हणत नाही.

पण मग तिची आई बशी उचलून मोरीपाशी येते. इकडेतिकडे बघते, आणि उरलेलं उभ्या उभ्या तोंडात टाकते. काल नातीनं पाहिलं.

"आई, तुला भूक लागलीय?"

"नाही गं."

"मग का खातेस?"

ती तशीच उभी राहिली, गाल फुगलेला, बशी हातात. गिळावं की नको, ते तिला ठरवता येईना.

थुंकून टाक, बाई. एवढा एक घास टाकून दे.