दोन घरांत एकदम दिसणारा माफीचा फलक

मित्रांनो, मला बघून आजवर कुणालाही आनंद झालेला नाही. तरी ओळख करून देतो. मी एक जुना माफीचा फलक आहे. लाकडाचा नाही, पत्र्याचाही नाही. वेबसाइट बंद पडली की तिच्या जागी स्क्रीनवर जो येऊन उभा राहतो ना, तो मी. माझ्यावर एक मांजर आहे. ते बुद्धिबळाच्या पटावर आडवं पसरलंय, हत्ती-घोडे इकडेतिकडे पडलेत, आणि खाली लिहिलंय, "माफ करा! जरा डुलकी लागली. दहा मिनिटांत परत येतो."

माझा जन्म घाईत झाला. हौशी लोकांनी वर्षाची वर्गणी भरून घरबसल्या बुद्धिबळ खेळायचं, अशी ती साइट होती. आज एकानं चाल करायची, उद्या दुसऱ्यानं. तीन दिवसांत चाल आली नाही तर डाव गेला. एवढाच नियम. साइटच्या मालकाचा मूळ धंदा शोभेचे मासे विकायचा. साइटचं मशीन त्यानं दुकानात, माशांच्या सगळ्यात मोठ्या काचेच्या टाकीखाली ठेवलं होतं. "मशीन तापतं, माशांना ऊब लागते. ऊब वाया कशाला घालवायची?" असं त्याचं शास्त्र. त्यामुळे उन्हाळ्यात मासे तापले की तो मशीन बंद करायचा. मासे गार पडायचे आणि साइटही.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्याची भाची दुकानात बसलेली होती. तिनं एका दुपारी मांजर काढलं, ओळ लिहिली आणि मला बाहेरच्या एका भाड्याच्या मशीनवर ठेवून दिलं, म्हणजे साइट पडली तरी मी उभा राहीन.

"दहा मिनिटं का लिहिलंस गं?" मालकानं विचारलं.

"मग काय लिहू मामा? मासे ठरवतील तेव्हा?"

तिनं माझ्या शेजारी आणखी दोघांना ठेवलं. एक वर्गणी भरायची खिडकी आणि एक घड्याळ, कुणाला चाल करायला किती वेळ उरलाय ते मोजणारं. आम्ही तिघं कधी बंद पडलो नाही. साइट मेली तरी पैसे भरता यायचे, आणि घड्याळ आपलं चालूच. भाची म्हणाली होती, "मामा, साइट बंद असेल तेव्हा घड्याळ थांबवायला हवं. लोक चाल कशी करणार?" मालक म्हणाला, "बघू पुढच्या महिन्यात." तो महिना काही आला नाही. तक्रारीचा फॉर्म मात्र साइटवरच होता. साइट पडली की तोही पडायचा. त्यामुळे मालक छाती फुगवून सांगायचा, "साइट बंद असल्याची एकही तक्रार आजवर आलेली नाही."

सुरुवातीला माझं थोडं कौतुक झालं. "अय्या, किती गोड मांजर!" असं बायका म्हणायच्या. मुलं स्क्रीनवर बोट ठेवून त्याच्या मिशा मोजायची. दुसऱ्या वर्षापासून लोक त्या मांजराला असल्या शिव्या द्यायला लागले, की मी इथं लिहू शकत नाही. एका दंतवैद्यानं तर पेशंटचं तोंड उघडं ठेवून मला सुनावलं, आणि तो बिचारा पेशंट आ वासूनच मान हलवत होता.

पण मित्रांनो, मला एक गोष्ट मिळाली, ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही. साइट पडली की मी एकाच वेळी शेकडो घरांत उभा असतो. जो मला बघतो, त्याची खोली मला दिसते. तो काय बोलतो ते ऐकू येतं. आणि साइट इतक्यांदा पडायची, की काही घरांत माझा मुक्काम पाहुण्यासारखा नव्हे, घरजावयासारखा असायचा.

अशी दोन घरं होती. एकात एक म्हातारा, बसच्या डेपोत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. साइटवर त्याचं टोपणनाव 'लोखंडी हत्ती'. दुसऱ्या घरात एक शिंपी, शाळांचे गणवेश शिवणारा. त्याचं नाव 'सुईदोरा'. रोज सकाळी सातला हत्ती चाल करायचा, दुपारच्या जेवणानंतर सुईदोरा. साताठ वर्षं हाच क्रम.

हे दोघं सख्खे भाऊ होते, हत्ती थोरला आणि सुईदोरा धाकटा, आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण कशावरून, ते मला नक्की सांगता येणार नाही. थोरल्याच्या घरात मी ऐकलं, की आईच्या शिलाई मशीनवरून. धाकट्याच्या घरात ऐकलं, की कुणाच्या तरी लग्नात थोरला चारचौघांत काहीतरी बोलला. धाकटा घर बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, नंबर बदलला, पत्ता कुणाला दिला नाही. थोरला मात्र होता तिथंच राहिला. मग एकदा साइटनं आपणहून त्या दोघांची जोडी लावून दिली. थोरल्यानं पहिलीच चाल कडेच्या प्याद्याची केली. असली वाईट सुरुवात शहाणा माणूस करत नाही. ती त्यांच्या वडिलांची सवय होती. धाकट्यानं उत्तरात दुसऱ्या कडेचं प्यादं सरकवलं. झालं, दोघांनाही कळलं समोर कोण आहे. बोलायची सोय साइटवर होती. ती दोघांनीही बंदच ठेवली. पण डाव सोडला नाही.

"काय हो, रोज कुणाशी खेळता एवढं?" शिंप्याची बायको विचारायची.

"आहे एक अडाणी."

"मग हसता कशाला?"

तिला माहीत होतं. ती मुद्दाम विचारायची.

थोरल्याकडे सून होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. ती म्हणायची, "बाबा, आधी गोळी घ्या, मग चाल." तो म्हणायचा, "थांब गं. माझी चाल गेली नाही, तर तो समजेल म्हातारा गेला." हे थट्टेत म्हणायचा. पण रोजच म्हणायचा.

आता ते पाच दिवस सांगतो. मला सांगायला आवडत नाही.

टाकीतल्या एका महागड्या माशाच्या जोडीनं अंडी घातली. मालकानं आयुष्यात स्वतःच्या पोरांचं केलं नसेल इतकं त्या अंड्यांचं केलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चपला बाहेर काढल्या आणि मशीनची घरघर नको म्हणून साइट बंद केली.

"मामा, किती दिवस?" भाचीनं विचारलं.

"पाच. पिल्लं बाहेर येईपर्यंत."

"आणि लोकांचे डाव?"

"अगं, पाच दिवस बुद्धिबळ खेळलं नाही तर कोण मरतंय?"

मी तेव्हा काउंटरवरच्या स्क्रीनवर उभा होतो. त्याच क्षणी मी थोरल्याच्या खोलीतही उभा होतो.

सकाळचे सात वाजून गेले होते. रोजच्या चाली खेळताखेळता तीन आठवडे डोकं लावून त्यानं ही चाल जुळवत आणली होती. "उंट इथं ठेवला, की दोन चालींत धाकटं खल्लास," असं तो स्वतःशीच म्हणाला. बटण दाबलं आणि उंटाच्या जागी मांजर आलं. त्यानं मला बघितलं, दहा मिनिटं थांबला, परत बघितलं. मग खुर्ची जवळ ओढली. बारा वाजता तो तिथंच होता. संध्याकाळीही.

दुसऱ्या दिवशी त्याचा डावा हात सारखा छातीवर जात होता. सुनेनं बघितलं.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही. पित्त."

"चला, डॉक्टरकडे जाऊ."

"चाल लागू दे. घड्याळ चालू आहे. तिकडे तो बघत असेल."

"अहो, साइटच बंद आहे! त्यांनाही हे मांजरच दिसत असेल ना!"

"दहा मिनिटांत येतो म्हणतोय. एवढ्यात उठलो आणि तेवढ्यात सुरू झाली तर?"

मित्रांनो, मी त्याच्या समोर, हातभर अंतरावर होतो. तो माझंच वाक्य तिला वाचून दाखवत होता. मला दुसरं वाक्यच येत नाही.

ती बिचारी खरं बोलत होती. धाकट्यालाही मीच दिसत होतो. त्याच्या खोलीत खाकी कापडाचे ढीग, टेप गळ्यात, आणि तो माझ्याकडे बघून हात चोळत होता. "चाल दादाची आहे आणि घड्याळ चालू आहे," तो बायकोला म्हणाला, "आता बसलाय अडकून." अनेक महिन्यांनी त्यानं 'दादा' म्हटलं होतं. त्याच्याही लक्षात आलं नाही.

"बंद साइटवर जिंकून काय मिळवणार?" बायको म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरला खुर्चीतून कुशीवर कलला. सून दुकानात होती, मुलगा कामावर. शेजारच्या बाईनं आवाज ऐकला आणि धावत आली. तिनं तोंडावर पाणी मारलं, रिक्षा बोलावली. शुद्धीवर आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उंट हललाय, सांगा त्याला." शेजारणीला वाटलं म्हातारा भ्रमात बोलतोय. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो संपला. कॉम्प्युटर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. चौथ्या दिवशी त्या खोलीत माणसं आली, रडली, खुर्च्या सरकवल्या, आणि मी कोपऱ्यातून त्यांच्याकडे मांजर दाखवत उभा होतो. शेवटी कुणीतरी माझ्यावर टॉवेल टाकला.

पाचव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. मालकानं शटर वर केलं, मशीन चालू केलं. मी खाली उतरलो. घड्याळानं आपलं काम चोख केलेलं होतं. धाकट्याच्या स्क्रीनवर ढाल नाचली आणि सोनेरी अक्षरं आली, "अभिनंदन! लोखंडी हत्ती यांची वेळ संपली. तुम्ही जिंकलात!"

हे मला नंतर कळलं, कारण साइट चालू असताना मला काही दिसत नाही, तेव्हाचं सगळं मी मागाहून लोकांच्या बोलण्यातून जुळवतो. पण चारच दिवसांनी ती पुन्हा तासाभर पडली, तेव्हा तो आपला विजय अजून चघळत होता. हरलेल्यानं नवा डाव मांडायचा, अशी त्यांची न बोलता ठरलेली रीत. नवा डाव आला नव्हता.

"रुसलाय," तो म्हणाला. "वेळ संपून कधी हरला नव्हता ना, लागलं असेल जिव्हारी."

"मग जाऊन या," बायको म्हणाली. "पाऊण तास तर लागतो बसला."

"मी का जाऊ? हरलाय तो!"

तिकडे सुनेनं शेजारणीकडून उंटाचं ऐकलं. तिला कळलं, तो भ्रम नव्हता. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काकांचा पत्ता माझ्याकडे असता तर मीच गेलो नसतो का?" मग ती सासऱ्याच्या खुर्चीत बसली. वर्गणी संपलेली होती. एका निरोपासाठी तिनं वर्षाची वर्गणी भरली. ती खिडकी चालूच होती. आत जाऊन तिनं लिहिलं, "काका, मी तुमच्या दादांची सून. बाबा गेले. जायच्या आधी त्यांनी तुमच्यासाठी चाल केली होती." ती थांबली, डोळे पुसले. पुन्हा वाचलं. खाली घराचा पत्ता लिहिला, कारण पत्ता काकांना माहीत असला तरी यायला कारण लागतं.

बटण दाबलं, आणि मी आलो.

दुकानात मोठी टाकी फुटली होती. दीडशे लिटर पाणी मशीनच्या डोक्यावर. मालक पाण्यात आणि काचांत उभा राहून बादलीत पिल्लं गोळा करत होता आणि ओक्साबोक्शी रडत होता. भाची म्हणाली, "मामा, डाव सगळे गेले. सभासदांची यादी पण. दुसरीकडे कुठं जपून ठेवलं होतं का?" तो म्हणाला, "एक पिल्लू टेबलाखाली गेलंय बघ."

साइट पुन्हा उठली नाही. मशीन भंगारात गेलं. पण माझं भाडं कुठल्या तरी खात्यातून दरवर्षी आपोआप जातं आणि मला उतरवायचं कुणाला आठवत नाही. दोन वर्षं झाली. सुनेनं महिनाभर रोज मला बघितलं. मग तिनं कॉम्प्युटर विकून टाकला, तेव्हापासून ते घर मला दिसत नाही.

बाकीचे सगळे सोडून गेले. एकटा धाकटा रोज येतो. आता दुपारी नाही, सकाळी सातला येतो. तो चहाचा कप घेऊन बसतो आणि चहा निवेपर्यंत माझ्याकडे बघतो. एकदा तर उठला, शर्ट बदलला, बसचे सुटे पैसे खिशात टाकले. दाराशी जाऊन परत फिरला. म्हणाला, "साइट सुरू झाली की तोच मांडेल डाव." बायकोनं त्याचा कप उचलला.

मित्रांनो, तुमच्या स्क्रीनवर माझ्यासारखा कुणी उभा राहिला, तर त्याचं खरं धरू नका. आम्हाला काही माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी सांगता येत नाही. ज्याच्या चालीची वाट बघताय, त्याच्या घराची वाट तुम्हाला पाठ असेल तर उठा. तिथं कदाचित उशीर झालेला असेल. तरी जा. दार उघडणारं कुणीतरी असतं, आणि त्यांच्याकडे तुमच्यासाठी ठेवलेलं काहीतरी असतं.

आणि एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या शाळेचे गणवेश शिवणारा एखादा म्हातारा शिंपी असेल, टेप गळ्यात घालून बसणारा, तर माप द्यायला जाल तेव्हा त्याला एवढं सांगा, की दादांनी उंट हलवला होता.